कवळीपासून कण्यापर्यंत

मालवणातल्या जुन्या घरात रात्री पेल्यातल्या पाण्यात पडलेली आजोबांची कवळी आणि गोव्याला किंवा कोल्हापूरला नेऊन आजीच्या मोडलेल्या मणक्यात भरलेलं सिमेंट ही सख्खी भावंडं. दोघांचंही पाळण्यातलं नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट.

घराणं जर्मन. रोम अँड हास कंपनीने १९३३मध्ये प्लेक्सिग्लास नावाने ही पारदर्शक प्लास्टिकची काच बाजारात आणली. पुढे युद्धात ती विमानांना लागली. तिचीच भुकटी द्रवात कालवून दंतवैद्य कवळ्या घडवू लागले. १९५८मध्ये इंग्लंडात शल्यविशारद जॉन चार्नली यांनी दातांचं हे सामान खुब्यात नेलं आणि कृत्रिम सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवला. हे सिमेंट हाडाला चिकटत नाही. चिऱ्याच्या भिंतीत दर्जा भराव्यात तसं ते हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि तिथे घट्ट होऊन अडकून बसतं.

खुब्यात डॉक्टरला पोकळी उघड दिसते. मणक्यात सगळा कारभार सुईतून. १९८४मध्ये फ्रान्समधल्या आमियां इथे गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या दुखण्याने बेजार झालेल्या एका बाईच्या दुसऱ्या मणक्यात असं सिमेंट सोडलं, तो या शस्त्रक्रियेचा आरंभ. काम जेमतेम काही मिलिलिटरचं, पण खरी कसोटी वेळेची. भुकटी आणि द्रव एकत्र झाले की घड्याळ सुरू. मिश्रण पातळ असताना दाबलं तर ते शिरांत घुसतं आणि रक्तासोबत थेट फुप्फुसात पोहोचू शकतं. मणक्याची मागची भिंत तडकलेली असेल तर मज्जारज्जूच्या नळीत उतरतं. तिथे दाब आला की पाय लुळे पडू शकतात. शिवाय घट्ट होताना ते तापतं. आणि फार थांबलं, तर सुईतून पुढे सरकतच नाही. ते कुठे चाललंय हे दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर थेंब न् थेंब पाहत राहतात. गळती बहुतेक वेळा मुकी असते, नंतरच्या सीटी स्कॅनमध्येच कळते. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२मध्ये इशारा दिला तो उरलेल्या थोड्यांसाठी. आधी फुगा फुगवून जागा करायची आणि मग जरा घट्ट सिमेंट भरायचं, ही कायफोप्लास्टी गळतीची धास्ती कमी करते. शेजारचा मणका पुढे मोडला, तर दोष ताठ सिमेंटचा की मुळातल्या ठिसूळ हाडांचा, यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

सगळ्यात मोठा धक्का २००९चा. एका अमेरिकी चाचणीत मणका मोडलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना सिमेंट न भरता फक्त भूल दिली, पाठ दाबली आणि खोलीत मेथाक्रिलेटची बाटली उघडून ठेवली, म्हणजे तो उग्र वास नाकात जावा. महिन्याभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं! ऑस्ट्रेलियातल्या चाचणीनेही तेच सांगितलं. यावर कितीतरी शल्यविशारद चिडले, आणि माझ्या मते त्यांचा राग अगदीच पोकळ नव्हता, कारण त्या चाचण्यांत महिनोन्‌महिने जुनी मोडही होती. २०१६च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत सहा आठवड्यांच्या आतली, असह्य दुखणारी मोड घेतली, तेव्हा फायदा दिसला.

आमच्याकडे मात्र न्हाणीत घसरलेली म्हातारी आधी बाम चोळून घेते, मग शेकते, मग तेल लावून बघते. एमआरआयचा विषय निघेपर्यंत गणपती येऊन गेलेले असतात.