पुढच्या रांगेतलं तिकीट

ऑक्टोबर १९६४. सेंट लुईसच्या बुश स्टेडियममध्ये तुम्ही जरा लवकरच येऊन बसला आहात. वर्ल्ड सिरीज सुरू आहे, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलचा शेवटचा मुकाबला. एका बाजूला घरची कार्डिनल्स टीम, समोर न्यूयॉर्क यँकीज. चार सामने आधी जिंकेल तो विजेता. आजचा खेळ सुरू व्हायला अवकाश आहे, खेळाडूंचा सराव चाललाय. करमणुकीला आलेले बँडवाले वाद्यं मैदानातच ठेवून चहापाण्याला गेलेत.

एक खेळाडू रमतगमत तिथं येतो. इकडंतिकडं बघतो. सगळ्यांत मोठं वाद्य, ट्यूबा, उचलून अंगावर चढवतो आणि उंच उडालेले चेंडू त्याच्या भोंग्यात झेलायला लागतो. एखादा चेंडू बरोबर आत जातो, बाकीचे काठावर आपटतात. टण्ण! तुमच्या शेजारचे गृहस्थ हसून हसून लाल झालेत. पलीकडं यँकीजचे खेळाडूसुद्धा थांबून बघतायत. ट्यूबाला पोचे पडले, त्याचं बिल आपल्यालाच आलं, असं हा माणूस पुढं जन्मभर सांगणार आहे.

त्याचं नाव बॉब युकर. वय ३०, गाव मिलवॉकी, काम कॅचरचं. कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर समजा. हा मात्र राखीव कॅचर. सिरीज सात सामने चालली, कार्डिनल्सनी जिंकली आणि सातही सामन्यांत युकरला एकदाही मैदानात उतरवलं नाही. विजेत्यांची अंगठी मात्र मिळाली.

इथून पुढची काही वर्षं आपण भराभर ओलांडू. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्दही भराभरच आटोपली. जुलै १९६५ मध्ये क्षणभर थांबा, कारण सँडी कूफॅक्ससारख्या त्या काळातल्या सर्वांत भेदक पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, युकर होमरन मारतोय, आपला षटकारच समजा. आपल्यामुळं बिचाऱ्याचा हॉल ऑफ फेममधला प्रवेश हुकणार अशी भीती वाटली, असं तो नंतर गंभीर चेहऱ्यानं सांगत असे. १९६७ मध्ये अटलांटात त्याच्या नशिबी फिल नीक्रोचा नकलबॉल आला. हा चेंडू जवळपास फिरतच नाही, त्यामुळं हवेत डुलत येतो आणि कुठं वळेल ते टाकणाऱ्यालाही कळत नाही. त्या मोसमात युकरनं २७ चेंडू हातून सोडले. एवढे लीगमध्ये दुसऱ्या कुणी सोडले नाहीत. नकलबॉल पकडायचा कसा? युकरचं उत्तर तयार असे: तो घरंगळायचा थांबेपर्यंत वाट बघायची, मग उचलायचा.

सहा मोसम, ७३१ वेळा बॅटिंग, १४६ हिट्स, १४ होमरन. सरासरी .२००. बेसबॉलमध्ये या आकड्यावर माणूस घरी जातो. युकर घरी गेला, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

मिलवॉकीची तेव्हाची अवस्था ठाऊक हवी. १९५७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून देणारी ब्रेव्हज टीम १९६५ च्या मोसमानंतर सगळा संसार उचलून अटलांटाला निघून गेली होती. चार उन्हाळे शहराला स्वतःची टीम नव्हती. मग १९७० मध्ये बड सीलिग या मोटारविक्रेत्यानं सिएटलची दिवाळखोरीत गेलेली टीम विकत घेऊन इथं आणली आणि तिला नाव दिलं ब्रूअर्स, म्हणजे बिअर गाळणारे. बिअरच्या गावाला दुसरं कुठलं नाव शोभणार? सीलिगनं युकरला आधी नवे खेळाडू हेरायच्या कामावर ठेवलं. तिथून त्याचा जो अहवाल आला त्याच्यावर बटाट्याचा लगदा आणि ग्रेव्ही सांडलेली होती, असं सीलिग सांगतो. १९७१ मध्ये त्याला रेडिओच्या मायक्रोफोनसमोर बसवलं. तिथून तो ५४ मोसम हलला नाही.

आता जरा ऐसपैस बसा. १९ एप्रिल १९८७, ईस्टरचा रविवार. तुम्ही मिलवॉकीच्या दक्षिण भागात, एका पोलिश कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आहात. टेबलावर उरलेलं हॅम, भिंतीवर येशूची तसबीर, खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ. त्याची एरिअल वाकडी करून काचेला टेकवलेली. ब्रूअर्स या मोसमातले पहिले ११ सामने ओळीनं जिंकलेत. बाराव्यात मात्र टेक्सासकडून १–४ असे मागं पडलेत आणि शेवटची इनिंग चाललीय. आजोबा खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून ऐकतायत. झोपलेत म्हणावं तर बोटांचा ताल सुरू आहे.

रेडिओवर युकर. आवाज किंचित घोगरा, बोलणं संथ, आणि मुख्य म्हणजे या घटकेला एकही विनोद नाही. पिचर काय करतोय, बेसवर कोण उभं आहे, एवढंच सांगणं. बॅटवर रॉब डीअर आलाय. लागला तर चेंडू आभाळात, नाही तर बॅट हवेत, असा त्याचा खाक्या. चेंडू लागतो. युकरचा आवाज एक पायरी चढतो, मग दुसरी, आणि मग ती आरोळी: ‘गेट अप! गेट अप! गेट आउटा हिअर! गॉन!’ ऊठ, ऊठ, चल निघ इथून... गेला! चेंडूला हाकलून द्यायचं, दाराशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखं. बेसवरच्या दोघांसकट तीन धावा, ४–४. आजोबा उभे राहिलेत. काही मिनिटांत डेल स्वेमचा होमरन येतो, ६–४, आणि पुढं युकर काय बोलला ते या घरात कुणालाच ऐकू येत नाही.

शहरात जॉर्ज वेब नावाच्या साध्यासुध्या खाणावळी आहेत. आपली टीम ओळीनं १२ सामने जिंकणार, असं भाकीत त्यांनी वर्षानुवर्षं लावून ठेवलेलं होतं. आता ते खरं ठरलं आणि त्यांनी दीड लाखावर हॅम्बर्गर फुकट वाटले.

ही मॅच मिलवॉकीत आजही सगळे सांगतात. पण युकर खरा कळायचा असेल तर पुढच्या महिन्यात, मे १९८७ मध्ये जा. हीच टीम तेव्हा ओळीनं १२ सामने हरली. अशाच एका रात्री गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलेल्या माणसाशेजारी स्टूल ओढून बसा. सामना केव्हाच हातचा गेलेला असतो, तरी रेडिओ बंद होत नाही. हरणारा सामना फार लांबला की युकरची कळी खुलायची. मग मासेमारीच्या गोष्टी निघायच्या, सॉसेजच्या जाहिरातीतून तो भलतीकडंच जायचा, शेजारचा निवेदक हसू दाबता दाबता ठसकायचा, आणि जुन्या दिवसांतला एखादा किस्सा यायचा, ज्यात फजिती युकरचीच. आजच्या पोरानं चेंडू सोडला म्हणून त्या पोराची त्यानं खिल्ली उडवली नाही. चेंडू सोडण्यात लीगमध्ये पहिला आलेला माणूस कोणत्या तोंडानं उडवणार? मोसमात १६२ सामने. ब्रूअर्ससारख्या टीमच्या वाट्याला त्यातल्या निम्म्यांत हारच. त्या रात्री कुणीतरी सोबतीला लागतं.

बाकीच्या अमेरिकेला हा युकर ठाऊक नाही. त्यांचा युकर जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमातला. तिथं त्यानं शंभरेक वेळा हजेरी लावली आणि कार्सननंच त्याला ‘मिस्टर बेसबॉल’ ही पदवी चिकटवली. किंवा मिलर लाइट बिअरच्या जाहिरातीतला: चुकीच्या खुर्चीवरून उठवलं जातं तेव्हा ‘माझी जागा पुढच्या रांगेत असणार’ म्हणून ऐटीत निघतो, आणि पुढच्याच दृश्यात स्टेडियमच्या पार वरच्या टोकाला, चिटपाखरू नसलेल्या रांगेत एकटाच ओरडत बसलेला दिसतो. किंवा १९८९ च्या ‘मेजर लीग’ सिनेमातला. चेंडू हातभर नव्हे, चांगला पुरुषभर बाहेर जातो आणि निवेदक शांतपणे म्हणतो, ‘जस्ट अ बिट आउटसाइड.’ गोष्ट क्लीव्हलंडची, पण मैदानातले बरेच प्रसंग मिलवॉकीच्याच काउंटी स्टेडियममध्ये चित्रित झालेले. हे सगळं धमाल होतं, नाही कोण म्हणतं? तरी माझं मत विचाराल तर या प्रसिद्धीनं त्याच्यावर थोडा अन्यायच केला. लोकांना तो नकलाकार वाटला. त्याचं खरं काम रेडिओवर होतं, आणि तिथं तो अटीतटीच्या क्षणी चेष्टा बाजूला ठेवणारा पक्का कारागीर होता.

२००३ च्या जुलैत कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी चला. निवेदकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार घ्यायला युकर उभा राहिलाय. मागं खुर्च्यांवर खेळातले देव बसलेत. तो आपली जन्मकथा सांगतो: आईवडील इलिनॉयला मार्गरिन आणायला निघाले होते, तेव्हा वाटेतच आपण जन्मलो. तुम्हाला विनोद कळला नाही तर पुढं बसलेल्या, युकरच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मंडळींकडं बघा. दुधालोण्याच्या त्या राज्यात पिवळ्या मार्गरिनवर १९६७ पर्यंत बंदी होती, लोक शेजारच्या राज्यातून चोरून आणत. मग दुसरा किस्सा. ब्रेव्हजनी करारासाठी ३,००० डॉलरची गोष्ट काढली तेव्हा वडील हादरले, म्हणे एवढे पैसे आपल्याकडं कुठून येणार? देवांच्या रांगेत हास्याचे फवारे उडतायत.

मिलवॉकीच्या नव्या स्टेडियमबाहेर चार पुतळे दिसतील. हँक ॲरन, ७५५ होमरन. रॉबिन यौंट, तीन हजारांवर हिट्स. बड सीलिग, टीम आणणारा. आणि युकर, १४ होमरन. त्यावर २०१४ मध्ये त्याचा दुसरा पुतळा बसवला तो स्टेडियमच्या आत, सेक्शन ४२२ मध्ये, सर्वांत वरच्या मजल्याच्या शेवटच्या रांगेत. छताचे अजस्र खांब मध्ये येतात म्हणून तिथली तिकिटं एका डॉलरला विकली जायची. पुतळ्यातला युकर तिथं बसलाय. शेजारी तुम्ही टेकलात तर कुणी उठवणार नाही. तिथून मैदान मात्र धड दिसत नाही.

३ ऑक्टोबर २०२४. तेच स्टेडियम, प्लेऑफचा निर्णायक सामना, समोर न्यूयॉर्क मेट्स. शेवटच्या इनिंगला ब्रूअर्स २–० पुढं आहेत. तुम्ही गाडीत रेडिओ लावून बसलात. पीट अलोन्सोचा चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडं जातो आणि तीन धावा होतात. सामना २–४ असा हातातून निसटतो. नव्वदीचा युकर मायक्रोफोन सोडण्याआधी एवढंच म्हणतो की हा घाव झोंबला. त्याचं ते शेवटचं प्रसारण.

१६ जानेवारी २०२५ ला तो गेला. ९१ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. थंडीच्या कडाक्यात लोक पुतळ्यापाशी येऊन फुलं ठेवत होते. कुणी बिअरचे कॅनही ठेवत होतं, आणि एकमेकांना किस्से सांगत होतं. प्रत्येकाचा किस्सा कुठल्या तरी गॅरेजमध्ये, गोठ्यात नाही तर वडिलांच्या गाडीत घडलेला. त्या दिवशीच घरच्यांनी सांगितलं की २०२३ च्या सुरुवातीपासून त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता. शेवटचे दोन्ही मोसम त्यानं तो अंगावर घेऊन काढले, आणि श्रोत्यांना पत्ता लागू दिला नाही.

५४ मोसमांत त्याची टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाच पोचली, १९८२ मध्ये, आणि तीही सातव्या सामन्यात हरली. समोर कार्डिनल्स होते.