विहाराचं आवार आणि सात बुद्धांची झाडं



विहाराच्या इमारतीचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. आम्ही आवारातल्या झाडांचा लिहितो. कारण उंबर ठेवायचा की तोडायचा यावरून आपल्यात एकदा चांगलीच जुंपली होती, आणि ती गोष्ट पुढच्या पोरांना ठाऊक असावी.

कुंपणाच्या कडेला तो उंबर आपोआप उगवला. पाखरांच्या विष्ठेतून आला असणार. आपली तरुण मंडळी म्हणाली, "उंबर म्हणजे दत्ताचं झाड. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी? उद्या इथं कुणी प्रदक्षिणा घालायला लागलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तेव्हा इकडे उंबर म्हटलं की लोकांना दत्तच आठवतो. तरी कुऱ्हाड आणण्याआधी आम्ही दोन रात्री पुस्तकं चाळली. आम्ही जिनिंगमध्ये राबणारी माणसं, पाली आम्हाला कुठली! मराठी भाषांतरावरच भागवतो.

दीघनिकायात महापदान सुत्त आहे. कोणत्या बुद्धाला कोणत्या झाडाखाली बोधी प्राप्त झाली ते त्यात सांगितलं आहे. विपस्सी बुद्धाची पाडळ, सिखीचा पुंडरीक, वेस्सभूचा साल, ककुसंधाचा शिरीष, कोणागमनाचा उंबर, कस्सपाचा वड आणि आपल्या तथागतांचा पिंपळ. नृसिंह सरस्वती चौदाव्या शतकातले. हे सुत्त त्यांच्या कितीतरी शतकं आधीचं. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललंच नाही. उंबर वाचला.

मग प्रश्न आला, बाकीच्या झाडांचं काय? आपण पूर्वी गुलमोहर, सुबाभूळ, नीलगिरी लावली होती. सामाजिक वनीकरणाच्या त्या दिवसांत सुबाभूळ सगळीकडेच लागली. भराभर वाढते म्हणून आम्हीच पुढे होऊन आवारात लावली, ती चूक आमचीही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. झाडाला परकं म्हणून हिणवायचं नाही, पण सुबाभळीखाली बी रुजून तिचीच रोपं माजतात, पाखरांना खायला मात्र फारसं काही मिळत नाही.

उंबराचं तसं नाही. फळं खोडालाच लगडतात, वर्षातून अनेकदा येतात. तांबट, कोकिळा, बुलबुल, हरियल दिवसा खातात, रात्री वटवाघळं. उंबर फोडला की आत चिलटाएवढे कीटक दिसतात. तेच आतल्या फुलांचं परागीभवन करतात. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा. कीटकाशिवाय बी नाही, फळाशिवाय कीटक नाही. प्रतीत्यसमुत्पाद समजावताना आम्ही पोरांपुढे उंबरच फोडतो.

आणि हे काही नवं नाही. सम्राट अशोकानं माणसं आणि जनावरं दोघांनाही सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, हे त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. पाचव्या लेखात जंगल विनाकारण जाळू नये अशी आज्ञा आहे. वर्षावासाची प्रथासुद्धा पावसाळ्यातलं हिरवं गवत आणि बारीक जीव भिक्खूंच्या पायाखाली तुडवले जातात, या लोकांच्या तक्रारीतून पडली. आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. 'गुल्म' म्हणजे झुडपांचा झुपका. गावाच्या नावातच झाडी आहे, आता रस्त्यावर शोधावी लागते.

त्यानंतर वड, पिंपळ भिंतीपासून लांब लावले, कारण त्यांच्या मुळ्या पाया सोडत नाहीत. शिरीष, कडुनिंब, पळस, बोर, करंज, बहावा लावला. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा उपासिकांनी भांडी विसळलेलं पाणी घालून रोपं जगवली. देणगीदारांच्या यादीत त्यांची नावं नाहीत, ती असायला हवी होती.

साल आपल्या मातीत येत नाही. पुंडरीक म्हणजे पांढरा आंबा असं अट्ठकथा सांगते, म्हणून आम्ही गावरान आंब्याची कोय लावली आहे. पाडळीचा खड्डा मात्र अजून रिकामाच आहे. कुणाच्या शेताच्या बांधावर किंवा ओळखीच्या रोपवाटिकेत पाडळीचं रोप असेल, तर आषाढ पौर्णिमेच्या आत विहारात आणून द्यावं.