बेस गिटारचा ध्वनिवर्धक आणि विरूपणाची प्रतिष्ठा

बेस गिटारच्या ध्वनिवर्धकाचा ‘ओव्हरड्राइव्ह’, म्हणजे यंत्रास त्याच्या मर्यादेपलीकडे चालविल्याने उमटणारा खरखरीत नाद, निर्मात्यांनी हेतुपुरस्सर घडविला, अशी समजूत पुष्कळदा आढळते. घटनाक्रम पाहता ती टिकत नाही.

लिओ फेंडर याने 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ आणि 1952 मध्ये त्यासाठी ‘बेसमन’ हा 15 इंची एका ध्वनिक्षेपकाचा ध्वनिवर्धक काढला. दशकाच्या मध्यास त्यात 10 इंची चार ध्वनिक्षेपक आले. पुढे साध्या गिटारवादकांनीच त्याला अधिक उचलून धरले. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात 1962 च्या सुमारास घडलेल्या ‘जेटीएम 45’ चे विद्युत्-मंडल तर 1959 च्या बेसमनवरूनच उतरविलेले होते. रॉकमधील गिटारच्या गर्जनेचे एक मूळ बेसच्या यंत्रात निघावे, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

बेसच्या सर्वांत खालच्या तारेची मूल कंप्रता सुमारे 41 हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी असते. इतका मंद्र स्वर कानास पुरेसा मोठा भासावयाचा तर कितीतरी अधिक शक्ती लागते. ती अपुरी पडली की निर्वात नलिका तरंगाची शिखरे छाटू लागतात. मूल स्वराची वाढ खुंटते आणि 82, 123, 165 हर्ट्झ अशा संनादींना जोर चढतो. म्हणूनच असा बेस वाद्यांच्या गर्दीतही ओळखू येतो. किंमत मोजावी लागते ती तळाच्या भरदारपणाने. (बेसवर बहुधा एका वेळी एकच स्वर वाजत असल्याने, गिटारच्या स्वरमेळात विरूपणामुळे माजणारा गोंधळ येथे सहसा होत नाही.) ‘टोन’ विषयीचे बहुतेक वाद या सौद्याविषयीचे आहेत.

‘अँपेग’ चा संस्थापक एव्हरेट हल याला हा सौदा मान्य नव्हता. तो स्वतः डबल बेस वाजविणारा आणि जाझच्या संस्कारातला. विरूपण त्याच्या लेखी निव्वळ दोष होता. 1960 मध्ये आलेला, जेस ऑलिव्हरने आखलेला ‘बी-15 पोर्टाफ्लेक्स’ या वृत्तीस साजेसा गोल, सौम्य नाद देई. मोटाउनचा जेम्स जेमर्सन तो वापरीत असे. परंतु तेथील ध्वनिमुद्रणात बेस पुष्कळदा थेट मुद्रणयंत्रणेस जोडला जाई, तेव्हा त्या नादाचे सारे श्रेय बी-15 ला देणे धाडसाचे ठरेल.

हलने 1967 मध्ये कंपनी विकली. दोनच वर्षांनी त्याच नावाने ‘एसव्हीटी’ अवतरला : 300 वॅट, चौदा नलिका, 10 इंची आठ-आठ ध्वनिक्षेपकांच्या दोन पेट्या. रोलिंग स्टोन्सच्या 1969 च्या अमेरिका-दौऱ्यात तो वाजला. एवढी शक्ती मोठ्या सभागृहात नाद स्वच्छ राहावा म्हणून योजलेली होती. वादकांनी मात्र तीही पुरती पिळून काढली, आणि त्या ताणातून निघालेला घुमारा हीच एसव्हीटीची ओळख ठरली. पुढील काळातील अनेक यंत्रांत मंद्र भाग स्वच्छ ठेवून केवळ वरच्या भागाचे विरूपण करण्याची आणि मग दोन्ही एकत्र मिसळण्याची सोय दिसते; हलचा आक्षेप तीत निम्मा तरी मान्य झालेला आहे.