खोडदची दुर्बीण आणि घरचा संगणक

जुन्नर म्हटलें कीं शिवनेरीचा किल्ला आणि नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. राणी नागनिकेच्या त्या लेखांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाईंचे व नाण्यांचे आंकडे कोरलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं या अंकचिन्हांवर निबंध प्रसिद्ध केला. कोरणाराला आणि वाचणाराला एका खुणेचा एकच अर्थ मान्य असेल, तरच आंकडा चालतो. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, तीहि अशाच मान्यतेवर उभी आहे. ती वस्तु म्हणजे घरीं जुळवावयाच्या पहिल्या संगणकाचा मदरबोर्ड.

आरंभीं माझ्या एका चुकीची हकीकत सांगतों. माझ्या बहिणीचें घर आंबेगांव तालुक्यांत, सातगांव पठारावर आहे. एका वर्षीं खरिपाच्या बटाट्यास बरा भाव आला, आणि भाच्यानें संगणकाचा हट्ट धरला. सुटे भाग आणून आपल्याच हातानें जोडले, तर चार पैसे वांचतील आणि विद्याहि पदरीं पडेल, असा त्याचा विचार. मामा पुण्यास राहतो, म्हणून निवडीचें काम मजकडे आलें. मीं प्रोसेसर घेतला, त्याच्या सॉकेटाचें 'एलजीए १७००' हें नांव बोर्डाच्या खोक्यावरहि वाचलें, आणि निश्चिंत झालों. मुलाजवळ एका मित्रानें दिलेल्या डीडीआर-४ जातीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. बोर्ड मात्र डीडीआर-५ चा निघाला. दोन्ही जातींच्या पट्ट्यांस संपर्कबिंदु २८८ च असतात, परंतु मधली खांच निराळ्या जागीं असते. मुलगा पट्टी जोरानें दाबूं लागला, तेव्हां वडिलांनीं त्याचा हात धरला. "बसत नाहीं तें दाबूं नये," एवढेंच ते म्हणाले. उघडलेलें खोकें दुकानदारानें परत घेतलें नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषहि नव्हता. एक नांव जुळलें म्हणजे सर्व जुळलें, असें मीं मानलें होतें. हें असें कां घडलें, याचा शोध घेतां घेतां मी मदरबोर्डाच्या इतिहासांत शिरलों.

भारतांत घडविलेल्या आरंभींच्या संगणकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें यंत्र अग्रगण्य होय. १९६० सालीं तें कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्याच्या स्मृतींत २,०४८ शब्द मावत. तेथें जुळण्या-न जुळण्याचा प्रश्नच नव्हता. कारण सारी जुळणी एका यंत्राकरितां, एकाच छपराखालीं, एकाच मंडळीनें योजलेली होती.

हा प्रश्न उद्भवला तो एकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रांत बसूं लागल्यावर. १९७५ सालीं अमेरिकेंत 'अल्टेअर ८८००' नांवाचा संगणक सुट्या भागांच्या रूपानें विक्रीस आला. त्याच्या आंत शंभर जोडांची एक समायिक वाट होती, आणि त्या वाटेवर बसणारीं कार्डें इतर लहानमोठे कारखानदार बनवूं लागले. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक काढला. त्याच्या मुख्य फलकावर जादा कार्डांकरितां पांच खांचा होत्या, आणि त्यांची तांत्रिक माहिती कंपनीनें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं कॉम्पॅक कंपनीनें त्याच्याशीं जुळणारें यंत्र जाहीर केलें, आणि 'जुळणारें' हा शब्दच व्यापाराचा मंत्र होऊन बसला. १९८७ सालीं आयबीएमनें परवान्याच्या अटी घालून निराळीच खांच आणली, परंतु बाजारानें ती मनावर घेतली नाहीं. १९९२ सालीं पीसीआय ही खांच आली. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स हा फलकाचा आकार ठरवून दिला. ३०५ बाय २४४ मिलिमीटर हें माप आणि त्याच्या स्क्रूंच्या जागा आजहि चालतात.

ही सोयरीक तुटण्याचेहि प्रसंग आले. 'सॉकेट ७' मध्यें इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत असत. १९९७ सालीं इंटेलनें आपल्या नव्या प्रोसेसरासाठीं 'स्लॉट १' काढला, आणि पुढें दोन घराण्यांचे बोर्ड वेगळे झाले ते झालेच. तेव्हांपासून घरीं संगणक जुळविणाराला प्रथम घराणें ठरवावें लागतें आणि मग बोर्ड पाहावा लागतो.

आतां पुन्हां जुन्नर तालुक्यांत येऊं. नारायणगांवाजवळ खोडद येथें त्याच टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकीं चौदा मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत आहेत, आणि सोळा तीन भुजांवर पसरल्या आहेत. त्यांच्यांतील सर्वांत मोठें अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. आकाशाचें चित्र मिळावयाचें, तर प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशीं ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या होतात ४३५. आरंभीं हें काम त्याचकरितां घडविलेल्या चिपांचें यंत्र करीत असे. पुढें येथील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह एक नवी रचना सिद्ध केली, आणि २०१० सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती सर्वस्वीं बाजारांत मिळणाऱ्या सामानाची होती. लिनक्सवर चालणारे ४८ संगणक, संकेतांचे आंकडे करणारीं पीसीआय कार्डें, आणि संगणकासंगणकांमध्यें दुहेरी गिगाबिट जोड, अशी ती मांडणी. ज्या संस्थेनें 'टिफ्रॅक' स्वतः घडविला, तिनेंच पन्नास वर्षांनंतर बाजारचे संगणक आकाशाच्या कामास जुंपले.

या मांडणींत आपणांस उपयोगी पडेल असा एक हिशेब आहे. ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा संकेत नीट टिपावयाचा, तर तो सेकंदास निदान ६ कोटी ६० लाख वेळां मोजावा लागतो. समजा, दर मोजणीस एक बाइट लागला. म्हणजे एका संकेताचे सेकंदास ६६ मेगाबाइट झाले. साध्या ३२ बिटी पीसीआयची सारी वाट सेकंदास सुमारें १३३ मेगाबाइटांची. दोन संकेतांतच ती भरली! आणि खोडदची रचना ३२ अँटेनांची, दर अँटेनाचे दोन, म्हणजे ६४ संकेतांची. तेव्हां कार्ड खांचेंत बसलें एवढ्यानें भागत नाहीं. खांचेमागची वाट तें ओझें वाहील काय, आणि आलेला माल पुढें नेणारा जोड तेवढाच रुंद आहे काय, हेंहि पाहावें लागतें. पुढें या दुर्बिणीची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यांत आली, तेव्हां ग्राफिक्स प्रोसेसरांची मदत घेऊन सर्व मांडणी नव्यानें करावी लागली. काम बदललें कीं यंत्राची निवडहि बदलते.

माझ्या मतें मदरबोर्डाच्या निवडींत तीन प्रश्न विचारावे : बसेल काय, पेलेल काय, आणि ओळखेल काय?

पहिला प्रश्न आकाराचा. पेटींत एटीएक्स मावतो, कीं २४४ मिलिमीटरचा चौरस मायक्रो-एटीएक्स, कीं १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स? प्रोसेसराचें सॉकेट तेंच आहे काय? मेमरीची जात तीच आहे काय? एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर-४ चेहि मिळत आणि डीडीआर-५ चेहि; सॉकेटाच्या नांवावरून हा भेद कळत नाहीं. मी फसलों तो येथेंच.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. अधिक वीज ओढणारा प्रोसेसर स्वस्त बोर्डांत बसतो, परंतु त्या बोर्डाचें वीजनियमन तापून काम मंदावतें. कांहीं बोर्डांवर एम-डॉट-टू खांचेंत डिस्क घातली कीं एखादा साटा जोड बंद पडतो, कारण दोहोंची वाट एकच असते. बोर्डाच्या पुस्तिकेंत हें बारीक अक्षरांत छापलेलें असतें, आणि तेंच सर्वांत आधीं वाचावें.

तिसरा प्रश्न ओळखीचा. एएमडीचें एएम-४ हें सॉकेट २०१६ सालीं आलें, आणि पुढें अनेक वर्षें त्याच आकाराचे नवेनवे प्रोसेसर निघत राहिले. ते जुन्या बोर्डांत बिनबोभाट बसत. परंतु बोर्डावरील बायॉस हा मूळ कार्यक्रम जुना असला, तर यंत्र सुरूच होत नसे. आकार जुळला, ओळख पटली नाहीं. नाणेघाटांतील अंक डोळ्यांना दिसले, तरी खुणेचा अर्थ ठाऊक नसणाऱ्याला ते मुकेच राहतात, तशांतलाच हा प्रकार. यास्तव बोर्डाच्या कारखानदारानें कोणता प्रोसेसर बायॉसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, याची जी यादी दिलेली असते, ती पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

हे तिन्ही प्रश्न विचारण्यापूर्वीं मात्र आपलें काम एका कागदावर लिहावें. मुलाला हिशेब आणि लेखन करावयाचें आहे, चित्रें हलवावयाचीं आहेत, कीं मोठें गणित सोडवावयाचें आहे? खोडदला संकेतांचा हिशेब आधीं झाला आणि त्यानें सामान ठरविलें. मीं सामान आधीं घेतलें आणि हिशेब मागाहून केला.

सातगांव पठारावरील त्या संगणकास शेवटीं डीडीआर-५ च्या पट्ट्या घ्याव्या लागल्या, आणि त्यांची किंमत मीं सोसली. जुन्या पट्ट्या भाच्यानें मित्रास परत केल्या. यंत्र सुरू झालें त्या दिवशीं वडील ओसरीवरून उठून आंत आले, पडद्याकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले, आणि मुलाला म्हणाले, "दाबावें लागलें नाहीं ना?" त्या प्रश्नाचें उत्तर ज्याला दुकानांतच देतां येईल, त्याच्या घरच्या कष्टाचा पैसा वायां जाणार नाहीं.