पत्रा कोणता, हे कोणी लिहिलंच नाही

ज्यांना हेडफोन सापडत नाहीये त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. आजचा विषय डोक्यावरचा आहे, अगदी शब्दशः.

आमच्या शिंदखेड्यात कुठल्याही गच्चीवर चढून बघा. तीन प्रकारची छतं दिसतील. स्लॅब, चकाकणारा टिनाचा पत्रा, आणि तो जाड, राखाडी, लाटालाटांचा सिमेंटचा पत्रा. या तिसऱ्याचं नाव अर्धवट आहे. सिमेंट धरून ठेवायला त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू घातलेले असतात. वजनाने साधारण दहाव्या भागापर्यंत. हल्ली बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात, पण जुना राखाडी पत्रा दिसला तर त्यात आहे असंच धरून चालायचं.

आधी खानदेशात धाब्याची घरं होती. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचं सपाट छप्पर. मे महिन्यात आत गार. पण पावसाळ्याआधी वर माती टाका, दाबा, आणि तरीही एका कोपऱ्यात बादली ठेवाच. लाकूड महागलं, माणसं मिळेनात. सिमेंटचा पत्रा एका दिवसात बसतो, गंजत नाही, टिनापेक्षा कमी तापतो. ज्यांनी तो घेतला त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. कारण हा पत्रा काय आहे ते ज्यांना माहीत होतं, ते शिंदखेड्यात राहत नव्हते.

आता तारखा नीट ऐका. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली केरशॉ 1924 साली वारली. वय 33. डॉ. कुक यांनी तिची फुप्फुसं तपासून त्याबद्दल वैद्यकीय मासिकात लिहिलं. 1930 साली ब्रिटिश सरकारकडे मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला, आणि 1931 साली तिथल्या कारखान्यांसाठी धूळ आवरायचे नियम झाले. भारतातला अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पहिला कारखाना कधीचा? 1934. आत्ताच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरचा. म्हणजे साहेबाच्या घरी नियम झाल्यावर तीन वर्षांनी. पुढे मुंबईत मुलुंडलाही पत्रे बनू लागले.

या तंतूचा स्वभाव असा, की तो श्वासातून आत गेला की सहज बाहेर येत नाही. फुप्फुस घट्ट होत जातं, त्याला अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाचा कॅन्सर होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो. आणि हे सगळं बऱ्याचदा वीस, तीस, चाळीस वर्षांनी. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे असं दिसतं: चूक आज होते आणि एरर चाळीस वर्षांनी येते. तोवर लॉग ठेवला नसेल तर शोधणार काय?

हे आपल्या सुप्रीम कोर्टाला कळलं होतं. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर 27 जानेवारी 1995 रोजी निकाल आला. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. आदेश काय दिला? अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यानंतर 15 वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपायची. रोग सिद्ध झाला तर एक लाख रुपये भरपाई. लाखाचा आकडा बाजूला ठेवा. ती 40 वर्षांची अट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी ओळ वाटते.

पाळली का? मुंबईतल्या डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी अ‍ॅस्बेस्टॉसची उत्पादनं बनवणाऱ्या एका मुंबईच्याच कारखान्यातले 181 कामगार तपासले. अभ्यास 2005 साली छापून आला. सुमारे 22 टक्के लोकांना अ‍ॅस्बेस्टोसिस होता. पाचात एकाहून जास्त. अ‍ॅस्बेस्टोसिस 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता, हे इथे आठवा.

बरं, हे झालं कारखान्याचं. पत्रा मात्र कारखान्यातून निघाला की कोर्टाच्या त्या आदेशातूनही निघाला. गोठ्यावर गेला, शाळेवर गेला. खाणीसाठी नवे पट्टे देणं सरकारने 1986 पासून थांबवलं, 1993 पासून जुन्यांचं नूतनीकरणही. पण बाहेरून माल येतच राहिला, रशियातून, ब्राझीलमधून. 2011 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सरसकट बंदीची याचिका फेटाळली.

त्याच 2011 ची जनगणना घ्या. घराचं छप्पर कशाचं, हा प्रश्न देशातल्या प्रत्येक घराला विचारला गेला. उत्तरांच्या यादीत एक पर्याय असा होता: गॅल्व्हनाइज्ड लोखंड, धातू किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे. तिन्ही एकाच रकान्यात! देशातली साधारण 16 टक्के कुटुंबं त्या रकान्यात आहेत. त्यात टिनाखाली किती आणि अ‍ॅस्बेस्टॉसखाली किती, हे कायमचं मिसळून गेलं. माणूस दारात आला, वर बघितलं, आणि दोन वेगळ्या गोष्टींना एकच कोड दिला. कोड रिव्ह्यूमध्ये मी हे पास केलं नसतं.

पोलंडने 1997 साली बंदी घातली आणि 2032 पर्यंत देश अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त करायचा कार्यक्रम आखला. त्यासाठी त्यांनी ऑनलाइन डेटाबेस केला, ज्यात त्यांच्या ग्रामपंचायतींसारख्या संस्था आपल्या भागात किती पत्रे आहेत ते भरतात. दक्षिण कोरियाची गोष्ट तर आपलीच वाटेल. 1970 च्या दशकात सरकारनेच खेड्यांतली गवताची छपरं काढायला लावून अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे चढवले. 2009 साली बंदी आली, आणि आता तेच सरकार पत्रे उतरवायला घरमालकाला पैसे देतं. ऑस्ट्रेलियाने 2003 अखेर बंदी घातली, तरी आधीचे पत्रे घरांवर होतेच, म्हणून 2013 साली वेगळी राष्ट्रीय संस्था काढून आराखडा केला.

आपल्याकडे शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये प्रत्येक घराची नोंद असते. छप्पर ‘पत्रा’ एवढं लिहून न थांबता ‘सिमेंट पत्रा’ असं लिहिलं तरी तालुक्याची यादी उभी राहील. सॉफ्टवेअरचं काम म्हणाल तर एका ड्रॉपडाउनचं.

आता घरच्यांना काय सांगायचं. आज रात्री शिडी लावू नका! धड, न फुटलेला पत्रा जागच्या जागी असेल तर घाबरायचं कारण कमी. धोका धुळीचा आहे. कटर लावून कापला, कोरडा घासला, आपटून फोडला, की तंतू उडतात. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला ठेवा, हूक सोडवून अख्खा उतरवा, मुलांना लांब पाठवा. फुटके तुकडे अंगणात भरावाला वापरू नका, कोंबड्यांच्या खुराड्यावरही नको. साधा रुमाल तोंडाला बांधून काही होत नाही, पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क लागतो. आणि पत्रे बसवणाऱ्या मिस्त्रीला हा भाग पाठवा, कारण घरमालक एकदाच धूळ खातो, मिस्त्री रोज.

उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचं वादळ येतं तेव्हा आमच्याकडे पत्रे उडतात. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतो आणि किती पत्रे उडाले ते लिहितो. या वर्षी तो आला की त्याला कोणते पत्रे, तेही लिहायला सांगा. त्याचा फोटो मला पाठवा, मी जमा करतोय.