कान्हेरीचे लेख व सरकारी दप्तरांतील मातृनाम

मुंबई उपनगर जिल्ह्यांत बोरिवलीजवळ असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेख अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें त्यांचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. प्रस्तुत टिपणांत त्यांत स्त्रियांची नोंद कशी झाली आहे एवढाच मुद्दा आम्हीं घेतला आहे; कारण ११ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्र मंत्रिमंडळानें घेतलेल्या निर्णयामुळें त्यास नवें महत्त्व आलें आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचीं नांवें सरकारी कागदपत्रांत स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव या क्रमानें लिहावीं, असा तो निर्णय आहे.

यावर कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? सातवाहन राजे मातेवरूनच ओळखले जात. कान्हेरीसच गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णि व माढरीपुत्र शकसेन यांच्या काळचे लेख आहेत. परंतु हा आक्षेप टिकणारा नाहीं. गौतमी, वासिष्ठी, माढरी हीं गोत्रावरून साधलेलीं पदें होत. त्यांवरून मातेचें गोत्र कळतें, तिचें नांव नव्हे. कान्हेरीच्या एका संस्कृत लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक वंशांतील, महाक्षत्रपाची कन्या, इतकें त्यांत सांगितलें आहे. पण उपलब्ध अक्षरांत तिचें स्वतःचें नांव सांपडत नाहीं. याउलट धेनुकाकटच्या एका उपासकाची कन्या भिक्षुणी सापा हिचें नांव कोरलेलें आहे. कारण लेणें व पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, हें दान तिचें होतें. राणी पति व पिता यांवरून ओळखावी लागते, भिक्षुणी आपल्या दानावरून.

शासनाच्या कर्तव्याचें मर्म याच भेदांत आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें राज्यास लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली व स्त्रियांसाठीं विशेष तरतूद करण्यास मोकळीक दिली. महाराष्ट्रानें १९९४ सालीं महिला धोरण जाहीर केलें. त्याच वर्षीं हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क मिळाला. मात्र आधीं विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या. ती उणीव २००५ च्या केंद्रीय कायद्यानें दूर केली.

तथापि हक्क कायद्यांत असणें व तो दप्तरांत उतरणें या दोन गोष्टी आहेत. अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तालुक्यांत मिळकतपत्रिकेवर वारस चढवितांना विधवेचें व मुलींचें नांव लिहिलें जातें कीं गळतें, यावर सर्व अवलंबून आहे. मुलाच्या नांवांत आई आली, पण मिळकतींत आली नाहीं, तर तिचें स्थान गोत्रनामापलीकडे गेलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

संग्राहकांस विनंति कीं, आपल्या संग्रहांतील खरेदीखतें व वतनपत्रें यांत स्त्रियांचीं नांवें कोठें आलीं आहेत, व तीं कोणत्या हक्कानें, याची स्वतंत्र यादी करावी.