तिसऱ्या पिढीची भाकर

जमीन काळी असली म्हणजे ती सकस असावयाचीच, ही समजूत आम्हां दख्खनच्या लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, काळ्याभोर जमिनीवर माणसे पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिली असे कोणी सांगितले, तर त्यावर आमचा चटकन विश्वास बसत नाही. आमच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सापडतात. नांगराला ते लागले की शेतकरी कुरकुरतो. परंतु जमिनीत चुना मुळीच नसता तर काय झाले असते, याचा विचार करण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. तो प्रसंग ज्यांच्यावर आला, त्या वायव्य जर्मनीतील दलदलींवर वसलेल्या लोकांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ब्रेमेन शहराच्या ईशान्येस 'टॉयफेल्समोर' नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. या नावाचा आजचा अर्थ 'सैतानाची दलदल' असा होतो. पण मूळचा शब्द सैतानाचा नव्हेच. त्या भागातील बोलीत 'बहिरी' जमीन म्हणजे काही न पिकणारी जमीन. पुढे मूळ शब्दाचा अर्थ लोक विसरले आणि उच्चारसाम्यामुळे त्याच्या जागी सैतान येऊन बसला. बहिरेपणापेक्षा सैतान लोकांच्या अधिक ध्यानात राहावा, यात नवल ते काय?

ही जमीन बहिरी का, हे कळण्यास ती बनली कशी हे पाहिले पाहिजे. पाणथळ जागी एका जातीचे शेवाळ उगवते. ते खालून मरत जाते आणि वरून वाढत राहते. साचलेल्या पाण्यात हवेचा शिरकाव नसल्यामुळे मेलेला भाग पुरता कुजत नाही. थरावर थर बसतात आणि हजारो वर्षांत त्यांची जाडी कित्येक हात होते. या द्रव्यास पीट म्हणतात. ते कापून वाळविले म्हणजे चुलीत सरपणासारखे जळते. थर जाड झाला की वरच्या शेवाळाचा तळच्या मातीशी व भूजलाशी संबंध तुटतो आणि ते केवळ पावसाच्या पाण्यावर जगू लागते. पावसाच्या पाण्यात चुना कोठून असणार? त्यातही जे थोडे क्षार मिळतात, ते हे शेवाळ स्वतःकडे ओढून घेते आणि त्यांच्या मोबदल्यात आम्ल सोडते. परिणामी ही जमीन आम्लतेच्या मापाने आमच्या घरच्या ताकापेक्षाही आंबट असते. तीत राय किंवा ओट पेरले तर ते उगवते, पिवळे पडते आणि मरते.

अशा जागी माणसांस नेऊन वसविण्याची कल्पना अठराव्या शतकातील राज्यकर्त्यांस फार आवडली. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७६५ साली पूर्व फ्रीसलंडसाठी एक हुकूम काढून बेवारशी पडीक दलदलींवर सरकारची मालकी जाहीर केली आणि त्या वसाहतकारांस खुल्या केल्या. शेजारच्या हानोव्हर राज्याचा अधिपती म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. त्याच्या सरकारने १७७१ साली युर्गेन क्रिस्टिआन फिंडोर्फ नावाच्या गृहस्थास दलदलींचा कमिशनर नेमले. फिंडोर्फ हा मोठा कळकळीचा मनुष्य होता. त्याने जमिनी मोजल्या, कालवे आखले, गावे वसविली, चर्चे उभारली. आणि १७९२ साली तो वारला तेव्हा टॉयफेल्समोरचा नकाशा पार बदललेला होता. ब्रेमेनमध्ये आजही एक पेठ त्याच्या नावाने ओळखली जाते.

परंतु नकाशा बदलला म्हणून जमीन बदलली नव्हती. वसाहतकार पीटच्या ढेकळांच्या झोपड्यांत राहत, दलदलीचे तपकिरी पाणी पीत, आणि घोडा मऊ जमिनीत रुतू नये म्हणून त्याच्या खुरांस लाकडी जोडे बांधीत. पीट कापून, होड्यांत भरून, कालव्यांतून ब्रेमेनला नेऊन विकावे हाच काय तो रोख पैशाचा मार्ग. या लोकांत एक म्हण पडली; तिचा आशय असा की, पहिल्या पिढीच्या वाट्याला मरण, दुसरीच्या वाट्याला ददात आणि तिसरीच्या वाट्याला भाकर.

ही म्हण पुढे चिकाटीचे स्तोत्र म्हणून सांगितली जाऊ लागली. आजोबांनी सोसले म्हणून नातवांस मिळाले, असा तिचा अर्थ लावतात. आम्हांस तो मान्य नाही. पहिल्या पिढीतील माणसे नातवांपेक्षा कमी राबली, असे म्हणण्यास आधार नाही. ती अधिकच राबली असतील. दुसऱ्या पिढीच्या ददातीत आणि तिसऱ्या पिढीच्या भाकरीत जे अंतर होते, ते घामाचे नव्हते. बरेचसे ते चुन्याचे होते.

चुन्यावाचून या लोकांनी काढलेला तोडगा आगीचा होता. तो हॉलंडातून आला. शरद ऋतूत उथळ चर खणावयाचे, वरचा थर कुदळीने फोडून हिवाळाभर वाळवावयाचा, वसंतात त्याला आग लावावयाची आणि राखेत कुट्टू पेरावयाचा. तोच, ज्याचे पीठ उत्तर हिंदुस्थानात उपवासाला चालते. आमचा कोकणातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, त्याची येथे कोणासही आठवण होईल. राख आम्ल मारते आणि थोडे पोषणही देते. पण राब भाजणारा काट्याकुट्या बाहेरून आणून जाळतो. हे लोक पायाखालची जमीनच जाळीत होते. पाचसात पिके निघाली की राखेचा गुण संपे आणि ते शेत सुमारे तीस वर्षे टाकून द्यावे लागे. त्यात कुट्टू थंडीला फार नाजूक. एका रात्रीच्या हिमाने वर्षाचे अन्न जाई.

वसंतातला हा धूर वाऱ्याबरोबर दूरदूरच्या प्रांतांत पोहोचे. अखेर शहरवासी कंटाळले आणि १८७० साली ब्रेमेनमध्ये दलदली जाळण्याविरुद्ध एक मंडळी स्थापन झाली. खेडुतांच्या उपासमारीने जे घडले नाही ते शहरवासीयांच्या खोकल्याने घडले, असे आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. न जाळता पीक कसे काढावे हा प्रश्न आता शास्त्रज्ञांपुढे आला आणि १८७७ साली ब्रेमेन येथे दलदलींच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. मोरिट्झ फ्लायशर हे तिचे पहिले प्रमुख. त्यांच्यामागून ब्रूनो टाके यांनी ते काम दीर्घकाळ चालविले.

प्रयोगशाळेचे उत्तर ऐकण्यास साधे होते. पाणी काढा, चुना किंवा चुनखडीची माती मिसळा, आणि पालाश व स्फुरद वरून द्या. चुनखडीच्या मातीचा गुण काही नवा नव्हता. गॉल व ब्रिटनचे लोक ती शेतात घालतात, हे रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्याच शतकात लिहून ठेवले आहे. मग अठराशे वर्षे ही विद्या टॉयफेल्समोरला का पोहोचली नाही? आमच्या मते, मुख्य अडचण ज्ञानाची नसून वजनाची होती. चुना जड, तो गाड्या गाड्या लागतो, आणि ज्या जमिनीत घोड्याला लाकडी जोडे लागतात तेथे गाडी कशी जाणार? आगगाडी आली आणि हे कोडे सुटू लागले. श्टासफुर्टच्या खाणींतून १८६१ पासून पालाशाचे क्षार निघू लागले होते. १८७८–७९ च्या सुमारास सिडनी गिलक्रिस्ट टॉमस या इंग्रजाने स्फुरदयुक्त लोखंडापासून पोलाद करण्याची रीत काढली. तीत भट्टीतून जी मळी निघे ती दळली असता उत्तम खत होई, कारण तीत स्फुरद तर होतेच, शिवाय निम्म्याच्या आसपास चुना होता. कारखान्याचा उकिरडा दलदलीतल्या शेतकऱ्याची भाकर झाला. १८८९ पासून चित्रकार टॉयफेल्समोरमधील वोर्प्सवेडे गावी येऊन राहू लागले, आणि १९०३ साली कवी रिल्के याने त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्या चित्रांतील काळे कालवे व उंच आकाश रसिकांनी पुष्कळ वाखाणले. मळीच्या पोत्याचे चित्र कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पण चुन्यालाही मर्यादा आहे. थोड्याने गुण आला तर पुष्कळाने अधिक येईल, हा तर्क येथे फसला. चुना फार झाला की पीटमधील मँगनीज व तांबे पिकास मिळेनासे होते. ओटच्या पानांवर करडे ठिपके पडतात, कणसे रिकामी राहतात. हॉलंडात तर नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीवरील अशा एका रोगास 'लागवडीचा रोग' हेच नाव पडले, आणि मोरचुदाची चिमूट हा त्यावर उपाय ठरला. साध्या मातीस जितके निराम्ल करावे तितके पीटला करू नये. ती काहीशी आंबटच राहू द्यावी, असा निर्णय अनुभवाने झाला.

या कामाचे एक काळे प्रकरणही आहे. १९३३ साली नाझी सरकारने एम्सलंडच्या दलदलींत छावण्या उघडल्या आणि राजकीय बंदिवानांस फावडी देऊन तेथे चर खणावयास लावले. पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले पत्रकार कार्ल फॉन ओसीट्स्की हे त्यांपैकी एस्टरवेगेनच्या छावणीत होते. पहिल्या पिढीच्या वाट्याला मरण, ही म्हण या ठिकाणी सरकारी धोरणच झाली.

आता उरला तिसऱ्या पिढीच्या नातवांचा प्रश्न. पाणी गेले, हवा आत शिरली, चुन्याने आम्ल मारले. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी हजारो वर्षे कुजणे थांबविले होते त्या दोन्ही दूर झाल्या. पीट आता हळूहळू हवेत विरते. पाणी काढलेली अशी जमीन वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर, नांगरटीखाली त्याहून अधिक, खचते. आणि जर्मनीतून वातावरणात जाणाऱ्या तापवर्धक वायूंपैकी सुमारे सात टक्के या कोरड्या केलेल्या दलदलींतून निघतात. आग विझली खरी, पण जळणे थांबले नाही. फक्त धूर दिसेनासा झाला. म्हणून आज तेथे चर बुजवून पाणी पुन्हा अडविण्याचे काम चालू आहे. ज्या शेतकऱ्याच्या पणजोबाने तो चर खणला, त्याच्याच दारी आता तो बुजविण्याची विनंती येते, आणि तो आपल्या हिरव्या कुरणाकडे बोट दाखवून विचारतो की, माझ्या गाई उद्या कोठे चरावयाच्या?